नंबर प्लेट सोडा, आधी रहदारी मोजा

खान्देशातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यात जाऊन अपघाताची फिर्याद वाचा. ‘आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून’ हे वाक्य ठरलेलं असतं. गाव, तारीख आणि गाडीचा नंबर तेवढा बदलतो. आधी त्याखाली भारतीय दंड संहितेची २७९ आणि ३०४-अ ही कलमं लागायची, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची २८१ आणि १०६ लागतात. कलमं बदलली, वाक्य जागचं हललं नाही. हा वेग नेमका किती होता, तो कुणी मोजला, कशाने मोजला, हे विचारायची पद्धतच आपल्याकडे नाही. मग अशाच नोंदी देशभरातून दिल्लीत जमा होतात आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात छापून येतं की २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यातली ७१ टक्क्यांहून जास्त अतिवेगामुळे मेली. मेलेल्यांचा आकडा मी मानतो. अतिवेगाच्या आकड्यात मात्र पंचनामा करणाऱ्याचा अंदाज किती आणि मोजमाप किती, हे त्या आकड्याकडे बघून कुणालाच सांगता येणार नाही. वळण चुकीचं होतं, दुभाजकाचं तोंड अंधारात उघडं होतं, असं लिहिलं तर एखाद्या सरकारी खात्याचं नाव घ्यावं लागतं. वेगावर टाकलं की सगळं ड्रायव्हरवर भागतं, आणि ड्रायव्हर बऱ्याचदा पळून गेलेला किंवा मेलेला असतो.

आता गावोगावी कॅमेरे येताहेत आणि लोकांना वाटतंय की प्रश्न सुटला. वेग कॅमेरा मोजेल, चलन मोबाइलवर येईल, माणसं शिस्तीत येतील. मला यातलं पहिलं वाक्यच आधी तपासून घ्यायचं आहे. माझं म्हणणं असं की खान्देशातल्या रस्त्यांवर कॅमेऱ्याने पहिल्यांदा मोजायचं काम करावं आणि ते मोजमाप सगळ्यांना बघायला ठेवावं. दंडाची गोष्ट त्यानंतर. आपण नेमका उलटा क्रम लावला आहे.

मोजायचं म्हणजे काय, ते आधी बघू. धुळ्याला मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडून येणारा असे तीन मोठे रस्ते एकत्र येतात. जळगावच्या तर पोटातूनच सुरत-नागपूर महामार्ग जातो. तो पूर्वी सहा नंबरचा होता, आता त्रेपन्न. खोटेनगर, आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौफुली या पट्ट्यात एका तासात किती ट्रक, किती दुचाक्या, किती रिक्षा जातात आणि किती माणसं रस्ता ओलांडतात? जळगावकराला हा आकडा माहीत नाही आणि तो कुठे लावलेलाही नाही. समांतर रस्त्यांसाठी जळगावात आंदोलनं झाली, निवेदनं गेली, रस्त्यावर बसून झालं. त्या सगळ्यात लोकांच्या हातात आकडा होता तो मेलेल्यांचा. प्रत्येक अपघातानंतर मागणी तापायची आणि दहाव्या-तेराव्यानंतर थंड पडायची. सरकारला जाग आणायला आपल्याकडे मढं दाखवावं लागतं, कारण दाखवायला दुसरं काही आपण जमवलेलंच नसतं.

मोजणी अजिबात होत नाही असं नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची १९७२ ची नियमावली आहे. त्यानुसार गावाबाहेरच्या रस्त्यांवर वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी सलग सात दिवस, रात्रंदिवस वाहनगणना करायची असते. एक सुगीच्या आणि बाजाराच्या दिवसांत, दुसरी मंदीच्या दिवसांत. ही गणना प्रत्यक्षात कशी होते हे रस्त्याने जाणाऱ्या कुणीही पाहिलेलं असतं. बाभळीखाली दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, मांडीवर पॅड, पॅडवर छापील तक्ता. ट्रक गेला की ट्रकच्या रकान्यात उभी रेघ, चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. दुपारी दोनला, जळगावचा पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, रोजंदारीवरचं ते पोरगं किती प्रामाणिकपणे रेघा ओढत असेल? आणि रात्री तीनला? मी त्याला दोष देत नाही. त्या जागी मी असतो तर मीही मागच्या तासाचा आकडा थोडा खालीवर करून पुढच्या तासात भरला असता. पण त्याच रेघांवर पुढची पंधरा वर्षं ठरतात. मैदानी मुलखातल्या दुपदरी रस्त्याला दिवसाला १५,००० एककांपर्यंतची वाहतूक पेलते असा दंडक आहे. आकडा त्याच्या वर गेला तर चौपदरीकरणाचा विचार, खाली राहिला तर नाही.

हे ‘एकक’ प्रकरणही समजून घेण्यासारखं आहे. मोटार म्हणजे एक. दुचाकी अर्धं. बस किंवा ट्रक तीन. ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार. आणि बैलगाडी आठ! म्हणजे सरकारी कागदावर आपली बैलगाडी आठ मोटारींएवढी. हा तिचा मान नव्हे, ती रस्ता किती अडवते त्याचा हिशोब आहे. पन्नास माणसं घेऊन जाणारी लालपरी तीन, आणि एकट्या माणसाला घेऊन जाणाऱ्या तीन मोटारी मिळूनही तीनच. पायी चालणाऱ्याला तर या हिशोबात एककच नाही. बांभोरीला विद्यापीठाकडे जायला बसमधून उतरून महामार्ग ओलांडणारी पोरगी, साकेगावचा दूधवाला, शाळेतून सायकल ढकलत येणारी मुलं यांचं मोल या तक्त्यात शून्य किंवा फार तर अर्धं. ज्याची रेघ ओढली जात नाही त्याच्यासाठी भुयारी मार्ग मंजूर होत नाही.

त्या नियमावलीत आणखी एक मौज आहे. जत्रा किंवा प्रदर्शन असेल तर गणना पुढे ढकलावी, कारण ती वाहतूक नेहमीची नसते. कागदावर हे बरोबरच आहे. पण खान्देशात नेहमीचं काय आहे? मार्गशीर्षात सारंगखेड्याची यात्रा आणि घोडेबाजार, तेव्हाच उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या, त्याआधीपासून कापसाच्या गाड्या, सावदा-रावेरहून केळीचे ट्रक बाराही महिने, मग लगीनसराई. यातले सात ‘नेहमीचे’ दिवस शोधून काढायचे म्हणजे ज्या दिवशी काहीच घडत नाही असे दिवस शोधायचे. व्हिडिओ कॅमेऱ्याचा खरा फायदा इथे आहे. तो सात दिवसांवर थांबत नाही. वर्षाचे ३६५ दिवस मोजतो आणि सारंगखेड्याच्या पुलावर यात्रेत नेमकं काय होतं तेही सांगतो.

कॅमेऱ्याने रहदारी मोजणं ही काही काल-परवाची गोष्ट नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत ओहायो राज्यात ब्रूस ग्रीनशील्ड्स या अभियंत्याने सिनेमाचा कॅमेरा रस्त्याकडेला रोखून ठरावीक अंतराने चित्रं घेतली आणि दोन चित्रांमध्ये गाडी किती पुढे सरकली ते मोजलं. त्यातून त्याने १९३५ मध्ये मांडलं की रस्त्यावर गर्दी जशी वाढते तसा वेग सरळ रेषेत उतरतो. त्याच्या हिशोबाने मोकळ्या रस्त्यावरच्या वेगाच्या साधारण निम्म्या वेगाने गाड्या चालतात तेव्हा रस्त्यावरून सर्वांत जास्त गाड्या पार होतात. त्याचं हे गणित पुढे लोकांनी खूप सुधारलं, पण शहरातून जाणारा महामार्ग ‘फास्ट’ केला की वाहतूक सुटेल, असं म्हणणाऱ्यांनी ते अजूनही एकदा डोळ्यांखालून घालावं.

आता वेगाकडे. इथे कॅमेऱ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्यांनी थोडं थांबावं. साधा कॅमेरा सेकंदाला पंचवीस चित्रं घेतो. ताशी ९० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २५ मीटर कापते, म्हणजे एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जाताना बरोबर एक मीटर. रस्त्यावर पाच मीटर अंतराने दोन रेषा मनाने आखल्या आणि गाडीला त्या ओलांडायला किती चित्रं लागली ते मोजलं, असं समजा. खरोखर ताशी ७२ ने जाणाऱ्या गाडीला सव्वासहा चित्रं लागतात. पण पाव चित्र नसतं. सहा मोजली तर वेग येतो ७५, सात मोजली तर ६४. समोरच्या दिव्यांच्या झगमगाटात एक चित्र चुकून पाचच मोजली तर थेट ९०. गाडी तीच, चालवणाराही तोच. रेषा वीस मीटरवर आखल्या की एका चित्राची चूक तीनेक किलोमीटरवर येते. म्हणजे यंत्र चांगलं की वाईट याच्याइतकंच ते कुणी, किती काळजीने बसवलं याला महत्त्व आहे.

उंचीची चूक याहून फसवी. कॅमेरा खांबावर सहा मीटर उंच आहे आणि त्याला रस्त्याच्या पातळीवरची मापं शिकवलेली आहेत. तो जर ट्रकचं चाक जिथे टेकतं ती जागा न धरता जमिनीपासून दीड मीटर उंचावरचा बंपरच्या वरचा भाग धरून चालला, तर त्याला वेग एक तृतीयांशाने जास्त दिसतो. साध्या भूमितीचा हिशोब आहे: सहाला साडेचारने भागा. ताशी ६० चा ट्रक ८० चा होतो. मोटार बुटकी म्हणून तिची चूक कमी, ट्रक उंच म्हणून त्याची जास्त. अशा आकड्यांवरून कुणी ‘आमच्याकडे ट्रकच जास्त पळतात’ असा निष्कर्ष काढला तर तो ट्रकचा दोष म्हणायचा की खांबाचा?

वाहन ओळखण्याची गोष्ट तर आणखी मजेची. आज चित्रातल्या वस्तू ओळखणाऱ्या बहुतेक तयार प्रणाली मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये आणलेल्या कोको नावाच्या चित्रसंचावर पहिले धडे गिरवतात. त्यात वस्तूंचे ऐंशी प्रकार आहेत. मोटार, बस, ट्रक, सायकल, मोटारसायकल आहे. हत्ती आहे, जिराफ आहे, झेब्रा आहे, बर्फावरून घसरायची फळीसुद्धा आहे. रिक्षा नाही, ट्रॅक्टर नाही, बैलगाडी नाही. अशी प्रणाली जशीच्या तशी शहाद्याच्या रस्त्यावर लावली तर उसाची बैलगाडी तिला ‘गाय’ आणि ‘ट्रक’ अशी तुकड्यातुकड्यांत दिसणार, आणि ॲपे रिक्षा कधी मोटार तर कधी ट्रक होणार. आपल्या रस्त्यांची चित्रं दाखवून तिला शिकवता येतं आणि आपल्या देशात ते झालंही आहे. हैदराबादच्या आयआयआयटीने भारतीय रस्त्यांचा स्वतंत्र चित्रसंच केला, त्यात रिक्षा आहे. पण दोन्ही बाजूंनी फुगलेला कापसाचा ट्रक, त्याच्या आडोशाने चाललेल्या दोन दुचाक्या, एका दुचाकीवर आडवा धरलेला ठिबकचा पाइप, मे महिन्यात डांबरावर नाचणारं मृगजळ, धुळीची वावटळ, हे सगळं इथे बसूनच शिकवावं लागेल. पुण्या-मुंबईचा ठेकेदार डबा उघडून खांबाला लावून जाईल त्याने हे होणार नाही.

म्हणून दंडाआधी मोजणी. मोजणीत चूक झाली तर आकडा बिघडतो, पण तो ताडून दुरुस्त करता येतो. गच्चीवर दोन पोरं बसवून तासभर हाताने मोजलं की कळतं कॅमेरा किती चुकतोय. दंडात चूक झाली तर कुणाच्या तरी खिशातून दोन हजार जातात आणि पुढच्या खऱ्या चलनावरचाही लोकांचा विश्वास उडतो.

कायदा बनवणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३६-अ आलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याखालचा १६७-अ हा नियम. त्यात दंडासाठी वापरायच्या यंत्राला मान्यता प्रमाणपत्र हवं, ते दर वर्षी नव्याने घ्यावं, कॅमेऱ्याच्या टापूआधी ठळक फलक लावावेत, पंधरा दिवसांत नोटीस द्यावी, असं सगळं लिहिलं आहे. हे कॅमेरे कुठे लावायचे त्यासाठी शहरांची यादीही जोडलेली आहे आणि त्या यादीत जळगाव आहे. २०२५ मध्ये केंद्राच्या वैधमापन विभागाने वेग मोजणाऱ्या रडार यंत्रांनाही पडताळणी आणि शिक्का लागेल, असे नियम काढले. व्यापाऱ्याला हे नवं नाही. रावेरच्या केळीच्या काट्यापासून जळगावच्या सराफाच्या तराजूपर्यंत सगळ्यांना वैधमापनाचा शिक्का लागतो आणि गिऱ्हाईक तो मागू शकतं. मग चलन आलेल्या माणसाने तोच शिक्का मागितला तर तो उद्धटपणा कसा? प्रत्येक चलनावर यंत्राचा क्रमांक, शेवटची पडताळणी कधी झाली ती तारीख आणि चूक किती धरली आहे तो आकडा छापावा. शहाणे लोक भांडणार नाहीत. जे भांडतील त्यांना उत्तर देता येईल.

दंड नकोच असं मी म्हणत नाही. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, हे शाळेतलं विज्ञान आहे आणि ते कुठल्याही आंदोलनाने बदलत नाही. महापालिका हद्दीत मोटारीला जास्तीत जास्त ७०, दुचाकीला आणि ट्रकला ६०, ही केंद्राची २०१८ ची मर्यादासुद्धा मला आकाशवाणी चौकासाठी जास्त वाटते. पण ती खाली आणायची तर आज तिथे गाड्या कुठल्या वेगाने जातात हे आधी माहीत हवं. शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत असतात तो वेग काढायचा, त्यावरून मर्यादा ठरवायची, ही बऱ्याच देशांत चालत आलेली रीत आहे. आपल्याकडे फलकावर ४० लिहितात, लोक ६० ने जातात आणि ४० कशावरून ठरलं ते कुणालाच सांगता येत नाही.

शिवाय नंबर प्लेट वाचणारा कॅमेरा नेमका कुणाला पकडतो, तेही पाहायला हवं. ज्याची प्लेट स्वच्छ आहे त्याला. बायकोला दवाखान्यात घेऊन निघालेला शिक्षक, विद्यापीठातला कारकून, नवी गाडी घेतलेला पोरगा. गिरणेच्या पात्रातून रात्री वाळू उपसून निघालेल्या डंपरच्या प्लेटवर चिखल नाहीतर काळं ऑइल फासलेलं असतं, कधी प्लेटच नसते. चलन काढणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने तो डंपर रस्त्यावर आलाच नाही. मोजणाऱ्या कॅमेऱ्याला मात्र प्लेटची गरज पडत नाही. पहाटे दोन ते पाच या वेळात या पुलावरून एवढे डंपर या दिशेने गेले, सरासरी या वेगाने गेले, हा आकडा त्याच्याकडे निघतोच. असा आकडा रोज सकाळी सर्वांसमोर आला तर किती जणांची झोप उडेल, हे जळगाव जिल्ह्यात राहणाऱ्याला सांगायला नको. कदाचित म्हणूनच तो यायला वेळ लागेल.

दुसरं उदाहरण उलट दिशेने येणाऱ्यांचं. चौपदरी झालेल्या रस्त्यावर राँग साइडने येणारी दुचाकी हा आपल्याकडचा मोठा धोका आहे, आणि तिला पकडून दंड करणं सोपं आहे. पण एखाद्या गावाच्या फाट्यावर रोज शेकडो माणसं उलटी येत असतील, तर ती सगळी बेशिस्त कशी? शेत रस्त्याच्या पलीकडे, दुभाजकाचं तोंड दोन किलोमीटरवर, सेवारस्ता नाही, पेट्रोलचा भाव हा असा. माणूस जवळची वाट धरणारच. तिथे कॅमेऱ्याने उलटे किती आले, कुठून निघाले आणि कुठे वळले, एवढं नकाशावर काढून दिलं तर पुढचं काम अभियंत्याचं आहे. त्या शेकडोंना चलन पाठवलं तर तिजोरीत पैसे येतील आणि रस्ता तसाच राहील. हा कॅमेरा दंडासाठी की दुरुस्तीसाठी, याचं उत्तर त्याच्या भिंगात नसतं. त्याचा अहवाल कोणत्या टेबलावर जातो, तिथे असतं.

यात सगळ्यात मोलाचं आहे ते थोडक्यात टळलेल्या अपघातांचं मोजमाप, आणि त्याबद्दल आपल्याकडे जवळपास कुणीच बोलत नाही. सरकारी व्याख्येप्रमाणे रस्त्याचा साधारण ५०० मीटरचा तुकडा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरायला तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमेचे पाच अपघात व्हावे लागतात, नाहीतर दहा मृत्यू. म्हणजे आधी माणसं मरू द्यायची, मग खुणेचा खांब रोवायचा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी वेगळा रस्ता काढला. चौकात प्रत्यक्ष धडका मोजण्याऐवजी करकचून दाबलेले ब्रेक, ऐनवेळी मारलेली कट, हुकलेल्या धडका मोजायच्या. पुढे स्वीडनसारख्या देशांनी ही पद्धत बरीच वाढवली. तेव्हा त्यासाठी माणसं चौकात बसवावी लागत, आता व्हिडिओतून ते आपोआप निघतं. एक वाहन एका जागेवरून गेलं आणि दुसरं त्याच जागेवर दीड सेकंदाच्या आत आलं, तर ते मोजायचं. अजिंठा चौफुलीसारख्या ठिकाणी अशा हुकलेल्या धडका दिवसाला किती होतात ते पाहायला तीन वर्षं लागत नाहीत. आठवडा पुरतो. कुठल्या कोपऱ्यात, किती वाजता, कोणत्या दोन प्रकारच्या वाहनांत, हेही कळतं. मग एखादा सिग्नल चार सेकंदांनी वाढवून किंवा एक वळण बंद करून पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजता येतं. हे सगळं कुणाच्या घरी सुतक न येता.

घाटांचंही तसंच. जुलै २०२३ मध्ये शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरजवळ मध्य प्रदेशकडून उतारावरून आलेला कंटेनर ब्रेक निकामी होऊन गाड्यांना ठोकरत हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसं गेली. अशा उतारावर तळाशी चलनाचा कॅमेरा लावून काय साधणार? ब्रेक गेलेल्या ट्रकला दंडाची भीती नसते. वर, उतार सुरू होतो तिथे वेग मोजला, ‘तुमचा वेग ५८, खालचा गिअर टाका’ असं पाटीवर झळकवलं, आणि घाटात दोन ठिकाणी मोजून ट्रक सरासरी किती वेगाने उतरतात याची नोंद ठेवली, तर कुठल्या वळणानंतर ब्रेक तापू लागतात याचा अंदाज घेता येतो. चाळीसगाव-कन्नड घाटात २०२३ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने जड वाहनांना बंदी घातली. घाट मोकळा झाला, पण ती वाहनं हवेत विरलेली नाहीत, ती दुसऱ्या कुठल्या तरी रस्त्याने जाताहेत. त्या रस्त्यावरच्या गावांना त्यांचा आकडा कुणी द्यायचा?

सरासरीचं म्हटलं तर एक सावधगिरी. एका जागी उभं राहून काढलेली वेगाची सरासरी आणि पूर्ण अंतराची सरासरी वेगळी असते, हे वॉर्ड्रॉप या ब्रिटिश अभ्यासकाने १९५२ मध्ये नीट दाखवलं. ताशी ६० ची दुचाकी आणि ताशी २० चा ट्रॅक्टर एकाच खांबापुढून गेले तर खांब म्हणतो सरासरी ४०. पण त्या दोघांनी मिळून कापलेल्या वाटेचा आणि लागलेल्या वेळाचा हिशोब धरला तर ती ३० येते. खांबाचा आकडा नेहमी थोडा गोडच असतो. जळगाव-भुसावळ प्रवास झकास सुरळीत आहे असं एखाद्या सादरीकरणात दिसलं, तर खांब किती आणि कुठे होते ते विचारून घ्या.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, हे सगळे शहरी चोचले, इथे आधी खड्डे बुजवा. खड्डे बुजवाच. पण कोणता रस्ता आधी बुजवायचा हे आज नगरसेवकाच्या घरावरून ठरतं, ते वाहनांच्या संख्येवरून ठरलं तर कुणाचं बिघडेल? खर्चाचं म्हणाल तर जळगाव, धुळे, शिरपूर, फैजपूर, शहादा इथे अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, दर वर्षी शेकडो पोरं प्रकल्पासाठी विषय शोधत असतात आणि त्याच त्या जुन्या फायली नव्या पुठ्ठ्यात बांधून देतात. एक मोबाइल, एक तिवई, गच्चीची परवानगी आणि रस्त्यावर टेपने मोजून ठेवलेले चार बिंदू एवढ्यावर एका चौकाची मोजणी सुरू होते. सैराट पळणारं तंत्रज्ञान नको, नीट बसवलेलं हवं.

दुसरा आक्षेप पाळतीचा. तो मला जास्त गंभीर वाटतो, आणि चलनवाल्या कॅमेऱ्याला तो जास्त लागू पडतो. मोजणीला ना चेहरा लागतो ना नंबर. खांबावरच्याच छोट्या संगणकाने चित्र बघावं, त्यातून वेळ, वाहनाचा प्रकार, दिशा, वेग अशी एक ओळ लिहावी आणि चित्र पुसून टाकावं. ती ओळ कुणालाही दिली तरी कुणाचं गुपित फुटत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये सरकारी कार्यालयांनी न मागता माहिती मांडावी असं २००५ पासून लिहिलेलंच आहे. ही ओळ त्यात घालायला नवा कायदा लागत नाही, नुसतं मनावर घेणारा एखादा आयुक्त किंवा जिल्हाधिकारी लागतो.

पहिला कॅमेरा कुठे लावायचा असं मला कुणी विचारलं तर मी बांभोरीच्या पुलाजवळचं नाव घेईन. तिथे महामार्ग आहे, गिरणा आहे म्हणून वाळू आहे, विद्यापीठ आहे म्हणून पायी ओलांडणारी मुलं आहेत, आणि अलीकडे पाळधीपासून तरसोदकडे जाणारा बाह्यवळण रस्ता आहे. या बाह्यवळणाने शहरातले किती ट्रक कमी झाले हे आधीचं मोजमाप नसेल तर कधीच सिद्ध करता येणार नाही, आणि मग शहरातल्या रस्त्याचा सेवारस्ता, पदपथ, भुयारी मार्ग यांच्या मागण्यांवर ‘आता गरज उरली नाही’ असं उत्तर येईल. तक्त्यात पहिला रकाना ट्रकचा न ठेवता पायी ओलांडणाऱ्यांचा ठेवावा, आणि त्यापुढे प्रत्येकाला ओलांडायला किती सेकंद थांबावं लागलं तेही लिहावं.